मुलांना काही मागावंच लागत नाही

१४ जून

धाकटे,

आधी आशीर्वाद घे आणि मग खाली बस. उभ्याउभ्या वाचून होण्यासारखं हे पत्र नाही. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि शेवटी कुणालाच काही कळत नाही. कागद बरा. त्याच्यावर मधेच कुणी तोंड घालत नाही.

तर बातमी अशी की आमची भिंगरी शाळेत जायला लागली! खरी शाळा नव्हे, चारच वर्षांची तर आहे, बालवर्ग म्हणतात त्याला. सरकारी आणि फुकट. आमच्या गल्लीच्या टोकाला ते रंगाच्या डब्यांचं गोदाम होतं ना, ज्याच्या वासानं तुझं डोकं उठलं होतं, ते सरकारनं घेतलं, धुऊन काढलं, मोठ्या खिडक्या बसवल्या आणि तिथे वर्ग काढला. लेक म्हणतो, मूल सहा वर्षांचं व्हायची वाट बघत बसलं तर उशीर होतो, हे आता सरकारला कळलंय. मी म्हटलं, एवढंच होतं तर मला विचारायचं, मी कधीच सांगितलं असतं.

त्यांचा एक नियम आहे. मूल रुळेपर्यंत घरचं एक माणूस वर्गात बसू शकतं. लेक क्रेन चालवतो, सून दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, म्हणजे घरचं माणूस कोण उरलं? मी! चौथीतून शाळा सुटलेली मी या वयात पुन्हा वर्गात जाऊन बसले. निघताना हे म्हणाले, "नापास होऊन येऊ नकोस म्हणजे मिळवलं."

काय सांगू आणि काय नको असं झालंय. हात धुवायच्या तोट्या माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. झाडू असे की बाहुलीच्या घरातले वाटावेत, आणि पोरं त्यांनी खरंच झाडतात. खुर्च्या एवढ्या बुटक्या की मी एकीवर बसले आणि उठवायला दोघी लागल्या. मग माझ्यासाठी मोठी खुर्ची आली, भिंगरीच्या अगदी पाठीशी ठेवली.

आणि बाई! तरुण आहे, केस आखूड, आवाज मऊ. पहिल्या दिवशी मला वाटलं हिला काहीच येत नाही. एकानं विचारलं, "बाई, गांडूळ कुठून बघतं?" तर बाई म्हणते, "तुला काय वाटतं?" दुसरीनं विचारलं, फरशीवरचं पाणी कुठे गेलं, तर बाई म्हणते, "कुठे गेलं असेल बरं?" मीच ओरडून सांगणार होते, वाळलं म्हणून! दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला. हिला येतं सगळं, पण सांगत नाही. विचारते आणि पोराच्या तोंडाकडे बघत गप्प बसते. एवढी गप्प की माझाच जीव वरखाली होतो. आणि मग पोर बोलतं! गांडूळवाला म्हणाला, "ते बघत नाही, ते सगळं चाटून ओळखतं." कुठून काढलं असेल गं त्यानं हे?

सुनेनं जेवायला हाक मारली. तुझ्याकडची पिल्लं कशी आहेत? तुझ्या पाळणाघरात मी मागे आले होते तेव्हा सहा होती, एकीनं माझा चष्मा पाण्यात बुडवला होता. तिला माझा पापा.

तुझी ताई


२३ जून

ताई,

पत्र मिळालं. भिंगरी रमली हे बरं झालं.

ते खुर्चीवर नुसतं बसून राहायचं म्हणजे काय काम आहे? मी असते तर तेवढ्या वेळात सगळ्यांच्या पायांत बूट घालून, नाकं पुसून, दूध पाजून मोकळी झाले असते. आणि गप्प बसण्याचं कसलं कौतुक? आमच्या वेळी मूल विचारायचं, मोठं माणूस सांगायचं, विषय संपायचा.

माझ्याकडे सगळं ठीक. हल्ली दुपारी जरा डोळा लागतो. पडदे धुतले. कपाटावरची पत्र्याची पेटी काढून खालची धूळ पुसली, तिकडे हात जाऊन वर्षं झाली होती.

भावजींना सांग, गुडघ्याला तेल लावा म्हणावं.

धाकटी


५ जुलै

धाकटे,

तेल लावलं. हे म्हणतात, तुझी बहीण पत्रातून सुद्धा हुकूम सोडते.

इकडे माझी बढती झाली की घसरण झाली कळत नाही. खुर्ची आता भिंगरीच्या पाठीशी नसते. बाई रोज ती थोडी लांब नेऊन ठेवते. परवा पुस्तकांच्या फळीशी होती, आज खिडकीशी. मी विचारलं, "अहो, भिंगरी तर पहिल्याच आठवड्यात रुळली, माझ्याकडे वळून सुद्धा बघत नाही. मग हे कशाला?" बाई म्हणाली, "आजी, ते तुमच्यासाठी आहे." बघ! मला रुळवतेय ती.

त्याचं कारणही सांगते. माझे हात स्वस्थ बसत नाहीत. एक पोर बुटाच्या पट्ट्याशी झटापट करत होतं, मी उठले, खटकन लावून दिला. दुसऱ्याची बाही सरळ केली. तिसरीला केळं सोलून दिलं. तिसरी रडायला लागली! म्हणे, मला सोलायचं होतं. आता सोललेलं केळं परत कसं मिटणार? बाईनं मला बाजूला घेतलं, म्हणाली, "आजी, हात मांडीखाली घेऊन बसून बघा." मी बसते तशी. घरी सुनेसमोर बसून दाखवलं तर ती हसून हसून लोळली. म्हणाली, "आई, हे आधी का नाही शिकलात? माझी सगळी भांडी तुम्ही पुन्हा धुता." घ्या!

एक विचारू? तू दुपारी झोपलीस म्हणतेस. जन्मात कधी झोपलीस तू दुपारी? सहा पोरं घरात असताना डोळा लागतो कसा? आणि कपाटावरची धूळ! ज्या घरात पोरं आहेत तिथे कपाटावर बघायला वेळ कुणाला असतो? काय झालंय, सांग. मी चौथी शिकलेय, पण तुझं वाचता येतं मला.

ताई


१३ जुलै

ताई,

विचारलंस म्हणून सांगते. नाहीतर सांगणार नव्हते.

तसलाच वर्ग आमच्याकडेही निघाला, बाजाराच्या मागे. तुमच्या आधीच. सहातली चार गेली. आया येऊन गोड बोलून गेल्या. "आत्या, तुमच्यासारखं कोण करणार, पण तिकडे फुकट आहे आणि शिकवतात." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. तीस वर्षं मी पोरं सांभाळली, शिकवते असं मी कधी म्हटलंच नाही.

उरल्या दोघी, तीन-तीन वर्षांच्या. वर्गात चारच्या खाली घेत नाहीत म्हणून उरल्या. एक शिंप्याची नात, ती पुढच्या महिन्यात गावाला जाणार. दुसरी माझी गोगलगाय. हळू चालते म्हणून मी नाव ठेवलं. तिची आई बस चालवते, पहिली बस तिची असते. पोरगी झोपेतच माझ्या दारात येते. शहाणी आहे, आवाज म्हणून नाही तिचा. मी बंद केलं तर ती कुठे जाईल? पण एका पोरीवर घर चालत नाही. महिनाअखेरीस सांगावं लागेल तिच्या आईला.

आणि तू मला तिकडच्या खुर्च्यांच्या कथा लिहितेस.

धाकटी


१८ जुलै

धाकटे,

कानाला खडा लावला असं म्हणणार होते, पण तू ओळखतेस मला, तो खडा टिकायचा नाही. वाईट मात्र फार वाटलं. तुझं पत्र वाचून हातातला चहा निवला.

मग मी काय केलं? दुसऱ्या दिवशी बाईला गाठलं. म्हटलं, "तुमच्या सरकारनं माझ्या बहिणीचं घर रिकामं केलं, आता तुला काय वाटतं?" तिचंच वाक्य तिला! ती हसली नाही. मला बसवलं आणि नीट सांगितलं. तुला सांगते जसंच्या तसं.

सरकारला आता तीन वर्षांच्यांनाही घ्यायचंय. पण एवढी गोदामं आणायची कुठून? आणि पहाटे कामावर जाणाऱ्यांची पोरं वर्ग उघडेपर्यंत ठेवायची कुठे? म्हणून ज्या बायका घरीच पोरं सांभाळतात, त्यांची घरंच बालवर्ग म्हणून धरायची असं ठरलंय. पोरं तुझ्याकडेच, तुझ्याच घरात, खर्च सरकारचा. दर शनिवारी तू जाऊन शिकायचं. फक्त आधी त्यांची एक पाहणीवाली येते, सकाळभर कोपऱ्यात बसून बघते आणि ठरवते.

मी विचारलं, काय बघते? भिंती? भांडी? बाई म्हणाली, "भिंतीही बघते. पण जास्त करून मुलं बघते."

धाकटे, नाव दे. तुझ्यासारखं मूल कोण सांभाळतं? तुझ्याकडे कधी कुणाचं नाक वाहताना दिसलं नाही मला.

ताई


११ ऑगस्ट

ताई,

नाव दिलं. तू म्हणालीस म्हणून नाही, बसवालीसाठी दिलं.

काल ती पाहणीवाली आली. साधी बाई, झोळी खांद्याला. म्हणाली, मी इथे नाहीच असं समजा. असं कसं समजणार? कोपऱ्यात एक अख्खी बाई!

पण सकाळ अशी गेली की मलाच माझं कौतुक वाटलं. गोगलगाय दारात आली, तिनं पाय उचलायच्या आत बूट काढले. डोळे चोळायच्या आत तोंड धुतलं. दुधाकडे तिची नजर जायच्या आत पेला हातात. शिंप्याची नात ठोकळ्यांकडे वळली तर मी डबा तिच्यासमोर ओतलाही होता. रडणं नाही, सांडणं नाही, भांडण नाही. घर कसं, पाण्यासारखं शांत.

जाताना पाहणीवाली म्हणाली, "तुमच्याकडे मुलांना काही मागावंच लागत नाही." मी म्हटलं, तीस वर्षांत कुणाला मागायला लावलं नाही. तिनं तेही लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात परत येते म्हणाली. बहुतेक पक्कं करायलाच येत असेल.

आता तरी तुझ्या त्या बाईला सांग, शनिवारचं शिकणं मला माफ करा म्हणावं.

धाकटी


१६ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र आलं. इकडे सगळे बरे. सुनेला खोकला होता, गेला. शेजारच्यांनी पोपट आणलाय, तो फक्त शिंकतो, बोलत नाही. यांनी त्याला दोन शिव्या शिकवायचा घाट घातलाय.

हे सगळं लिहिलं कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

आधी एक गंमत ऐक. रंगकाम करताना पोरं एप्रन घालतात, त्याच्या नाड्या मागे असतात. भिंगरीच्या नाड्या लोंबत होत्या. मी उठणार तेवढ्यात बाईनं लांबूनच माझ्याकडे बघितलं. मी बसले, हात मांडीखाली. भिंगरी इकडे तिकडे बघत राहिली. मग एका पोरीकडे पाठ करून म्हणाली, "बांध." तिला येईना. तिनं तिसरीला बोलावलं. तिसरीनं अशी गाठ मारली की भिंगरीचा एप्रन दुसरीच्या एप्रनला बांधला गेला! दोघी तशाच जोडीनं वर्गभर फिरल्या, सगळी पोरं मागे, हसून हसून गोंधळ. सुटायला कितीतरी वेळ गेला. पण त्या वेळात माझी भिंगरी तिघी-चौघींशी बोलली, भांडली, "इकडून ओढ, तिकडून ओढ" म्हणाली. मी गाठ मारली असती तर चांगली बसली असती, आणि पोरगी कुणाशी एक शब्द बोलली नसती.

धाकटे, त्या पाहणीवालीनं तुझं कौतुक नाही केलं गं.

मागावं लागलं की मूल बोलतं. तुझ्याकडे मागावंच लागत नाही. तुझे हात इतके चपळ, की त्यांच्या तोंडाला काम उरत नाही. ती परत येणार आहे ती पक्कं करायला नव्हे, आणखी एकदा बघायला. असं मला वाटतं. माझं चुकतही असेल, देव करो आणि तसंच असो.

पेला हातात देऊ नकोस. टेबलावर ठेव, जरा लांब, आणि मांडीखाली हात घेऊन बस. फार कठीण आहे. पहिल्या दिवशी माझ्या बोटांना मुंग्या आल्या होत्या.

रागावलीस तरी चालेल. पण घर बंद करू नकोस.

ताई


२ सप्टेंबर

धाकटे,

उत्तर नाही. फोन वाजून वाजून थांबतो. रागावलीस.

माझी खुर्ची आता वर्गाबाहेर आलीय, व्हरांड्यात. काचेतून बघते. काल भिंगरी घरी येताना म्हणाली, "आजी, तू उद्या आली नाहीस तरी चालेल. मी आल्यावर तुला सांगेन ना सगळं." मला आनंद झाला की रडू आलं ते अजून ठरलं नाही. दोन्ही असेल.

पाहणीवाली आली का? एक ओळ लिही. शिवी असली तरी चालेल, शेजारच्या पोपटाला शिकवायला यांना कामी येईल.

ताई


१९ सप्टेंबर

ताई,

रागावले होते. तुझं पत्र कचऱ्यात टाकलं. मनातल्या मनात तुला एकेक असं उत्तर दिलं की तू ऐकलं असतंस तर मला बहीण म्हटलं नसतंस. तीस वर्षांची माझी मेहनत, आणि तू अडीच महिने खुर्चीवर बसून मला शिकवणार!

मग एका दुपारी बसवाली गोगलगायीला घ्यायला आली. दोघी जिना उतरायला लागल्या. मी दार लावणार तेवढ्यात खालून आवाज आला. लहान मुलीचा, भराभर. "आई, आज कबूतर आलं, एका पायाचं, आत्यानं पाव टाकला, ते पडलं, मग उठलं." मला वाटलं खालच्या मजल्यावरचं कुणी असेल. वाकून बघितलं तर माझी गोगलगाय! खालपर्यंत बोलत गेली. ते कबूतर आलं तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते, ताई. मला एक शब्द बोलली नव्हती. आणि मी म्हणत होते, तिला आवाजच नाही.

दुसऱ्या दिवशी पेला टेबलावर ठेवला. हात मांडीखाली. ती पेल्याकडे बघे, माझ्याकडे बघे. मला वाटलं, भूक लागली असेल, हा काय छळ. उठले आणि दिला. तिसऱ्या दिवशीही दिला. चौथ्या दिवशी तिनं स्वतःच खुर्ची ओढली, चढली, घेतला, अर्धा सांडला. पण बोलली नाही. शिंप्याची नात गेली होती, घरात आम्ही दोघीच, दोघी मुक्या. तुला काय शिव्या घातल्या म्हणून सांगू!

परवा पाहणीवाली आली. तिच्यासमोर एवढी पोर, मख्ख. खिडकीत बसून कबूतर शोधत राहिली. माझे हात नुसते फुरफुरत होते. एकदा वाटलं, गेलं सगळं, निदान पोरीचं तोंड तरी पुसू. तिला घेऊन खाली अंगणात जायचं होतं. बुटांची फळी दाराशी आहे, आणि मी सवयीनं जाऊन फळीसमोर बसले, बूट काढायला. हात पुढे गेला होता, ताई, खोटं बोलत नाही.

तर मागून गोगलगाय म्हणाली, "आत्या, सरक."

मी वळून बघितलं. कपाळाला आठ्या घालून उभी. पुन्हा म्हणाली, जोरात, "सरक ना! मी!"

पाहणीवालीनं लिहायचं थांबवलं आणि तिच्याकडे बघत राहिली. जाताना मी विचारलं, शेवटी काय लिहिलंत? तर म्हणते, "तुम्हाला काय वाटतं?" ताई, या सगळ्या एकाच घरात वाढल्यात का गं?

आज निरोप आला. एक वर्षासाठी घेतलं. वर्षाच्या मधे पुन्हा बघायला येणार. पुढच्या महिन्यापासून तीन नवीन येतील, सगळी तीन वर्षांची. शनिवारचं शिकणं माफ नाही. बसवालीला सांगितलं तर तिनं बस चालू ठेवूनच जिन्यात येऊन मला मिठी मारली, खाली लोक भोंगा वाजवतायत!

धाकटी


२४ सप्टेंबर

धाकटे,

तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. सून, लेक, हे, झालंच तर शेजारीण. बाईला वर्गात जाऊन दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग नाक पुसलं. म्हटलं, बाई, सर्दी झाली का? म्हणाली, हो. मी विश्वास ठेवला असं दाखवलं.

मला सगळं जाणून घ्यायचंय. ती तीन नवीन कोण? त्यांच्या आया काय करतात? शनिवारी काय शिकवतात, आणि तू शेवटच्या बाकावर बसतेस का पहिल्या? कबुतराचा एक पाय कुठे गेला असेल? गोगलगायीला तू आता काय म्हणतेस, तेच नाव की बदललं?

आणि मुख्य ते तू लिहिलंच नाहीस. इतकं सगळं लिहिलंस आणि नेमकं तेच गाळलंस. ती "सरक" म्हणाली. मग तू सरकलीस का?

ताई


२८ सप्टेंबर

ताई,

सरकले.

तिनं दोन्ही बूट उलट्या पायांत घातले आणि तशीच अंगणभर फिरली. मी दात आवळून बघत राहिले. तेव्हापासून दात दुखताहेत.

धाकटी